घरच्या घरी प्रोजेक्टर हेडलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साध्या एच४ बल्बवर (अप्पर आणि डिपर दोन्ही एकाच बल्बात) चालणाऱ्या गाडीत घरी प्रोजेक्टर बसवण्याबद्दल जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, फक्त एकसारखे प्रश्न एकात घातले. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ आणि प्रश्न १३ वाचूनच हात घाला.

१. प्रोजेक्टर म्हणजे नेमकं काय? माझ्या हेडलाइटपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साध्या हेडलाइटमध्ये बल्बच्या मागे चकचकीत वाटी असते, गॅरेजवाले तिला बाउल म्हणतात. उजेड कुठे पडायचा हे त्या वाटीचा आकारच ठरवतो. प्रोजेक्टरची वाटी लहान आणि लंबवर्तुळाकार असते. ती सगळा उजेड एका जागी गोळा करते, तिथे पत्र्याची एक पट्टी आडवी येते, आणि पुढचं जाड बहिर्गोल भिंग त्या पट्टीच्या कडेची प्रतिमा रस्त्यावर उमटवतं. भिंग प्रतिमा उलटी करतं, म्हणून पट्टी खालून उजेड अडवते आणि अंधार मात्र वर दिसतो. भिंतीवर खाली लख्ख आणि वर काळोख अशी जी रेघ दिसते, ती कटऑफ. प्रोजेक्टरचे पैसे आपण या रेघेसाठी मोजतो.

अप्पर मारला की पट्टी एका छोट्या विद्युतचुंबकाने खाली पडते. गाडी बंद असताना ‘टक’ असा आवाजही ऐकू येतो. एकाच भिंगातून अप्पर आणि डिपर दोन्ही निघतात म्हणून त्याला बाय-झेनॉन (झेनॉन म्हणजे तारेऐवजी वायूतून उजेड देणारा बल्ब) किंवा बाय-एलईडी म्हणतात.

२. मग आहे त्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब टाकला की तेच काम झालं ना? स्वस्तही पडतं.

नाही. एच४ ची वाटी बल्बमधल्या तापून उजेड देणाऱ्या तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेली असते आणि डिपरच्या तारेखाली बल्बमध्येच एक छोटी ढाल असते. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी दोन बाजूंना चिप असतात. उगम जागेवरून थोडा जरी सरकला तरी उजेड वाटीत भलतीकडे आपटतो. आपल्याला बंपरसमोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, मन खूश होतं, पण लांबचं काही दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे जातात.

कंपनीनेच हॅलोजनचा प्रोजेक्टर दिलेला असेल तर गोष्ट जरा वेगळी. तिथे पट्टी असल्यामुळे कटऑफ शाबूत राहतो. पण रेघेच्या लगेच खालचा जो सर्वांत प्रखर पट्टा लांबपर्यंत जातो, तो बऱ्याचदा पसरट होतो. बसवायचाच असेल तर आधी आणि नंतर भिंतीवर ताडून बघा.

३. बाजारात इतके प्रकार आहेत. घ्यायचं काय?

तीन वाटा आहेत.

पहिली, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची मूळ असेंब्ली (म्हणजे अख्खा हेडलाइट). उदाहरणार्थ २०१८ च्या स्विफ्टमध्ये झेडएक्सआय प्लसला एलईडी प्रोजेक्टर होते, २०१५ च्या बलेनोत अल्फाला बाय-झेनॉन. खाचा, स्क्रू, बंपरची फट सगळं जुळतं. कपलर (तारा जोडायचा प्लग) मात्र वेगळा निघू शकतो आणि डीआरएलच्या (दिवसा पेटत्या राहणाऱ्या दिव्यांच्या) जादा तारा खालच्या व्हेरियंटच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) नसतात. पैसे जास्त जातात, डोकेदुखी सर्वांत कमी.

दुसरी, बाहेरच्या कंपनीची तयार असेंब्ली, त्यात प्रोजेक्टर, रिंग, पळते इंडिकेटर वगैरे. दिसायला भारी. यातल्या पुष्कळांमध्ये भिंग केवळ शोभेचं असतं, आतली पट्टी धड नसते. दुकानात पेटवून भिंतीवर रेघ दाखवा म्हणायचं. दाखवायला कां-कूं केली तर निघायचं.

तिसरी, स्वतःच्या हेडलाइटची काच उघडून आत बाय-एलईडी प्रोजेक्टर बसवणं. मेहनत सर्वांत जास्त, आणि नीट केलं तर निकाल पहिल्या वाटेच्या तोडीस तोड. पुढचे बहुतेक प्रश्न याच वाटेचे आहेत.

४. डब्यावर २०,००० ल्युमेन लिहिलंय. खरं असतं का?

ल्युमेन हे उजेडाचं माप. ३५ वॅटच्या जोडणीतून २०,००० ल्युमेन म्हणजे दर वॅटला ५७० झाले. पांढऱ्या उजेडाला निसर्गच एवढं देत नाही. तुलनेसाठी आकडे: एच४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो आणि अप्परला साधारण १,६५०, डिपरला १,००० ल्युमेन देतो. मोटारींमध्ये येणारा ३५ वॅटचा डी२एस झेनॉन ३,२०० च्या आसपास. या पट्ट्यातला आकडा सांगणारा विक्रेता निदान डोळ्यांत धूळ फेकत नाही.

केल्विनचा आकडा रंगाचा असतो, ताकदीचा नाही. हॅलोजन ३,२०० च्या घरात, कंपनीचा झेनॉन ४,३००, बहुतेक एलईडी ५,५०० ते ६,०००. ८,००० केल्विनचा निळसर दिवा घेऊ नका, त्याने रस्ता जास्त दिसत नाही.

५. ऑनलाइन मागवलेल्या प्रोजेक्टरची रेघ उजवीकडे वर चढते. हे बरोबर आहे का?

चूक आहे, आणि गंभीर चूक. आपण डावीकडून गाडी चालवतो. समोरचा आपल्या उजव्या हाताने येतो. म्हणून उजवीकडची रेघ सपाट आणि खाली हवी, आणि डावीकडे ती वर चढायला हवी, म्हणजे पाट्या, सायकलवाले, कडेने चालणारी माणसं दिसतात. चीन आणि अमेरिकेत गाड्या उजवीकडून धावतात, त्यामुळे तिथल्या मालाची रेघ उजवीकडे चढते. तो आपल्याकडे बसवला की सगळा उजेड समोरच्याच्या तोंडावर.

मागवताना ‘आरएचडी’ (राइट हँड ड्राइव्ह) माल मागा. हे अक्षर स्टीअरिंगच्या बाजूबद्दल आहे, वाहतुकीच्या नाही, त्यामुळे गोंधळ होतो. युरोपीय प्रमाणाच्या हेडलाइटवर काचेवर खूण असते: दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर तो डाव्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हींचा. बाण नसेल तर उजव्या वाहतुकीचा, आपल्या कामाचा नाही. सुटा प्रोजेक्टर असेल तर बॅटरीला जोडून त्याच्या मागे उभे राहा आणि भिंतीवर बघा. चुकीचा निघाला तर परत करा. पट्टी बदलण्याची सोय नसलेला प्रोजेक्टर फिरवून, वाकवून सरळ होत नाही.

६. हे कायदेशीर आहे का? पोलीस पकडतील का?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘आरसीवर हेडलाइट कुठे लिहिलेले असतात’ हा युक्तिवाद चौकात ऐकू येतो. त्यावर भिस्त ठेवू नका.

शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला झोताने दिपवू नये, असा त्याचा आशय. म्हणजे रिक्षावाल्याचा डोळा समजा. कंपनीचा हेडलाइट असला आणि फोकस आकाशाला लावला, तरी तुम्ही या नियमात अडकता.

माझं मत: कायद्याच्या नजरेने पहिली वाट (प्रश्न ३) सर्वांत सुरक्षित, कारण तो दिवा त्याच मॉडेलवर प्रमाणित झालेला असतो. काच उघडून केलेल्या कामाला असं प्रमाणपत्र नसतं. ही जोखीम समजून उमजून घ्यायची.

७. वॉरंटी आणि विम्याचं काय?

वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर पाणी सोडलं असं धरा. विमा कंपनीला बदल कळवा. इंजिन खोलीत आग लागली तर सर्वेअर सगळ्यात आधी बाहेरची वायरिंग बघतो. म्हणूनच मूळ हार्नेसला कात्री न लावता कपलरवर चालणारी जोडणी करा (प्रश्न ११).

८. घरी खरंच जमेल का? काय काय लागेल?

बल्ब स्वतः बदलला असेल, मल्टिमीटर धरता येत असेल आणि शनिवार-रविवार मोकळा असेल तर जमेल. सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं, फक्त प्लगची आणि समोर भिंतीची सोय बघा.

लागणारं सामान: १० नंबरचा सॉकेट, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या क्लिप उचकटायची चपटी पट्टी, हीट गन, ब्यूटाइलची (काच चिकटवायच्या मऊ डिंकाची) नवी दोरी, मल्टिमीटर, १२ व्होल्टची बॅटरी, मास्किंग टेप, सुती हातमोजे. क्लिप तुटतातच, पाच-सहा जादा आणून ठेवा.

आणि एक सल्ला, जो फार कमी जण ऐकतात: स्वतःच्या दिव्यांवर प्रयोग करू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारातून तुमच्या मॉडेलची वापरलेली जोडी आणा आणि ती उघडा. काम रखडलं तरी गाडी उद्या ऑफिसला जाते, आणि मूळ जोडी माळ्यावर सुखरूप राहते.

९. बंपर काढावाच लागतो का?

आजच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये हो, निदान सैल तरी. हेडलाइटचा एक स्क्रू बंपरच्या कडेखाली लपलेला असतो. वर ग्रिलजवळच्या क्लिप, चाकाच्या कमानीतला प्रत्येक बाजूचा स्क्रू, खालच्या क्लिप, मग दोन्ही बाजूंनी बंपर बाहेर ओढायचा, पुढे नाही. फॉगलॅम्पचा कपलर आठवणीने सोडवा. बंपर उतरवून ठेवायला खाली जुनी चादर अंथरा. बोलेरोसारख्या गाड्यांत एवढं करावं लागत नाही.

१०. काच कशी उघडायची? ओव्हनमध्ये ठेवतात ते खरं का?

आधी काच कशाने चिकटवली आहे ते बघा. काच आणि मागच्या काळ्या डब्याच्या मधल्या खाचेत नख रुतवा. काळा, डिंकासारखा, दबणारा पदार्थ असेल तर ब्यूटाइल. गरम केल्यावर सुटतो. दगडासारखा कडक असेल तर तो कायमचा गोंद आहे. तो उघडण्याच्या नादी लागू नका, काच तडकते. अशा गाडीसाठी पहिली किंवा दुसरी वाट.

बल्ब, रबरी टोप्या, लेव्हलिंगची (झोत वर-खाली करणारी) मोटर, कडेचे स्क्रू आणि धातूच्या क्लिपा आधी काढा. ओव्हनमध्ये करणारे करतात, पण डब्याचं प्लास्टिक शंभरच्या वर मऊ पडू शकतं आणि प्लास्टिकचा धूर त्यानंतर केकलाही लागतो. स्वयंपाकघरातला ओव्हन यात ओढू नका. हीट गन कमी तापमानावर ठेवून, सतत हलती, खाचेवरून फिरवा. एका कोपऱ्यातून सुरुवात करून चपटी पट्टी घाला आणि इंचा-इंचाने पुढे सरका. बरोबर तापलं असेल तर ब्यूटाइल चिक्कीच्या पाकासारखी तार धरतं. तार तुटत असेल आणि जोर लावावा लागत असेल तर अजून तापवा, जोर वाढवू नका. काचेचे लॉक तोडले की सील परत कधीच धड बसत नाही.

काच निघाली की आतल्या चकचकीत भागाला बोट लावू नका. तो मुलामा अल्कोहोलनेसुद्धा निघतो. धूळ असेल तर फुग्याच्या पंपाने फुंका.

११. प्रोजेक्टर आत कसा बसतो? आणि वायरिंग?

एच४ च्या जागी बसणाऱ्या प्रोजेक्टरला मागे आटे असलेला दांडा असतो. तो बल्बच्या भोकातून मागे घालून मोठ्या नटने आवळायचा. सोपं वाटतं, पण सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. प्रोजेक्टर वर-खाली आणि डावा-उजवा नंतर स्क्रूने हलवता येतो. स्वतःभोवती फिरलेला असेल तर काच बंद झाल्यावर तो सरळ करता येत नाही. म्हणून नट अर्धवट आवळून बॅटरीला जोडा, डबा गाडीत बसतो तसा सपाट धरा, आणि रेघेचा उजवा सपाट भाग भिंतीवर लेव्हलनळीने तपासा. मग आवळा. आवळताना नट प्रोजेक्टरला स्वतःबरोबर किंचित फिरवतो, म्हणून परत तपासा. समाधान होईपर्यंत काच लावू नका.

काच लावायच्या आधी आणखी दोन गोष्टी. भिंग काचेला टेकतंय का, आणि मागचा पंखा रबरी टोपीत मावतोय का? टोपी मावत नसेल तर खोल टोपी घ्या. टोपीला भोक पाडून मोकळं सोडलं तर प्रश्न १५ तुमचाच.

वायरिंगसाठी रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरा. खालचे आकडे त्याच्या पिनांचे आहेत. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, तिथून रिलेच्या ३० ला; ८७ मधून दिव्याला; ८५ आणि ८६ वर गाडीच्या जुन्या एच४ कपलरमधून आलेला इशारा. दोन्ही दिव्यांचं मिळून काम १० अँपिअरच्या आत असतं, १५ चा फ्यूज पुरतो. आग्यामोहोळासारखी दिसणारी टेपची गाठ नको, तारा मूळ हार्नेसच्या बाजूने नळीत घालून बांधा.

जपानी घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत एच४ ला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थ तोडतो. मल्टिमीटरने आधी बघा. हे न बघता जोडलं की डिपर लावल्यावर अप्पर लागतं, किंवा काहीच लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या प्रोजेक्टरला.

१२. डिपर ठीक आहे, पण अप्पर मारला की सगळा अंधार. का?

एच४ बल्बमध्ये अप्पर लावलं की गाडी डिपरचा करंट बंद करते, कारण तिथे दोन वेगळ्या तारा असतात. बाय-एलईडीत मुख्य दिवा दोन्ही वेळेला चालू हवा, फक्त पट्टी पडायला हवी. म्हणून मध्ये अप्परच्या इशाऱ्यावरही मुख्य दिवा पेटता ठेवणारा कंट्रोलर किंवा दुसरा रिले लागतो. चांगल्या संचात तो येतो. ‘टक’ ऐकू येतं आणि अंधार होतो, तर नेमकी हीच भानगड.

१३. फोकस घरी कसा सेट करायचा?

गॅरेजमध्ये ‘करून देतो’ म्हणत दोन स्क्रू फिरवतात आणि समोरच्या झाडाकडे बघून अंगठा दाखवतात. तुम्ही असं करू नका.

सपाट फरशी, चारही चाकांत बरोबर हवा, टाकी बऱ्यापैकी भरलेली, ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक ० वर. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि प्रत्येक भिंगाच्या मध्याची खूण टेपने करा: एक उभी पट्टी, एक आडवी. मग गाडी सरळ मागे घ्या.

आता हिशोब. रेघ १ टक्का खाली हवी. ५ मीटरवर ५ सेंटिमीटर, साडेसात मीटरवर साडेसात, १० मीटरवर १०. भिंगाच्या खुणेखाली तेवढ्या अंतरावर दुसरी आडवी टेप लावा आणि रेघेचा उजवा सपाट भाग तिच्यावर आणा. जिथून रेघ वर चढायला लागते तो कोपरा उभ्या पट्टीवर हवा. किंचित डावीकडे चालेल, उजवीकडे अजिबात नाही. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरायचा.

१ टक्क्याचा अर्थ असा: भिंग जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर रेघ रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. दीड टक्का ठेवलात तर ४३ मीटरवरच. उलट रेघ खुणेच्याच उंचीवर ठेवली तर ती कधी टेकतच नाही, आणि चढावर समोरच्याची रात्र होते. ‘थोडा वर ठेवतो, लांब दिसेल’ असं वाटतं तेव्हा हे आकडे आठवा. लांब दिसण्यासाठी अप्पर आहे.

स्क्रू सहसा असेंब्लीच्या मागे असतात, एक उभ्यासाठी, एक आडव्यासाठी. सेट झाल्यावर आठवडाभर गाडी चालवून परत तपासा. प्रोजेक्टर मूळ बाउलपेक्षा जड असतो, प्लास्टिकचे आधार थोडे बसतात. खड्ड्यांवर रेघ थरथरत असेल तर ते आधार सैल आहेत असं समजा.

१४. सगळं सेट केलं, तरी समोरचे डिपर मारतातच. काय करू?

आधी लेव्हलिंगचं चाक बघा. पुष्कळांना वाटतं ३ वर नेलं की उजेड वाढतो. उलटं आहे. ० म्हणजे सर्वांत वर, ३ म्हणजे सर्वांत खाली. मागे तीन माणसं आणि डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं असेल तेव्हा गाडीचं नाक वर होतं, म्हणून चाक २ किंवा ३ वर न्यायचं. युरोपात २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला हे आपोआप होण्याची आणि काच धुण्याची सोय सक्तीची आहे, ती उगाच नाही.

त्यानंतर काचेकडे बघा. पिवळी, ओरखडलेली किंवा चिखलाने माखलेली काच रेघेचा चुरा करते आणि उजेड सगळीकडे उडवते. जुन्या पिवळ्या काचेमागे नवा प्रोजेक्टर म्हणजे पैसे वाया. काच आधी पॉलिश करून वर यूव्ही कोट मारा, नाहीतर बदला.

हे दोन्ही ठीक असेल तर कधीकधी खरोखर फक्त रस्ता कारणीभूत असतो. घाटाच्या चढावर किंवा स्पीडब्रेकरवर कुठल्याही गाडीची रेघ क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांवरून जाते.

१५. पावसाळ्यात आत वाफ धरते. सील गेलं का?

पातळ धुकं धरलं आणि दिवे लावून थोड्या वेळाने गेलं, तर काळजी नाही. हॅलोजनची उष्णता पुढे काचेवर येते, एलईडीची मागे पंख्याकडे जाते, म्हणून एलईडीवाली काच वाळायला जास्त वेळ घेते. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर सील गळतंय. काच परत उघडा, जुनं ब्यूटाइल पूर्ण खरवडून काढा, नवी दोरी न ताणता एकसंध घाला, तापवून दाबा, क्लिपा लावून रात्रभर ठेवा. जुन्यावर नवं थापू नका. वरून सिलिकॉनचा लेप दिला तर बाहेरून छान दिसतं, पण पुढच्या वेळी काच उघडणार नाही. आणि मागच्या छोट्या श्वासनळ्या बुजवू नका, दिवा तिथून श्वास घेतो.

१६. आंबोली, ताम्हिणीच्या धुक्यात पांढरा उजेड चालत नाही म्हणतात. पिवळा घेऊ का?

धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळ्या-पांढऱ्याचा फरक लोक समजतात त्यापेक्षा कमी पडतो. उजेड किती खालून आणि किती सपाट जातो याला जास्त महत्त्व. डोळ्यांना मात्र पिवळा कमी टोचतो हे खरं. माझी पसंती: हेडलाइटला ५,००० च्या आसपास, आणि खाली बंपरमध्ये ३,००० केल्विनचे पिवळे फॉगलॅम्प. ओल्या काळ्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढे निघून जातो, परत डोळ्यांकडे फार कमी येतो. त्यावर कुठल्याच रंगाचा इलाज नाही, वेग कमी करायचा.

१७. डॅशबोर्डवर बल्ब फ्यूज झाल्याचा दिवा येतो, आणि एलईडी लुकलुकते.

काही गाड्या बल्बला किती करंट जातो ते मोजतात, आणि काही सलग करंटऐवजी तो तुकड्यातुकड्यांनी देतात. एलईडीला दोन्ही मानवत नाही. रिलेने बॅटरीवरून थेट करंट घेतला तर लुकलुक सहसा थांबते. चुकीच्या इशाऱ्यासाठी डीकोडर मिळतो. त्यात रेझिस्टर असेल तर तो चांगलाच तापतो, धातूच्या पट्टीवर बसवा, प्लास्टिकला किंवा वायरला टेकवू नका. तुकड्यांचा करंट रिलेच्या कॉइललाही जात असेल तर रिले किटकिट करतो, अशा वेळी डीकोडर रिलेच्या आधी.

१८. जुन्या गाडीतून काढलेला झेनॉन प्रोजेक्टर मिळतोय. घेऊ का?

ऑप्टिक्सच्या बाबतीत कंपनीचा जुना झेनॉन प्रोजेक्टर आजच्या स्वस्त एलईडीला सहज मागे टाकतो. रेघेवर किंचित निळी-जांभळी किनार दिसली तर घाबरू नका, भिंग प्रकाश फोडतं त्याचा तो परिणाम आहे. पण बल्ब पेटवताना २०,००० व्होल्टच्या वरचा झटका लागतो. बॅलास्ट (हा झटका देणारी डबी) जोडलेला असताना कपलरला हात लावायचा नाही, बॅटरीची मायनस तार काढूनच काम करायचं. डी२एस बल्बमध्ये पारा असतो, फुटला तर खिडक्या उघडा आणि झाडू मारू नका. आणि डी२एस हा भिंगासाठी, डी२आर हा वाटीसाठी. अदलाबदल करू नका.

१९. वर्षभराने एका बाजूचा प्रोजेक्टर गेला. एकच बदलला तर चालेल?

चालतो, पण दोन्ही बाजूंचा रंग आणि रेघेची उंची वेगळी दिसते, आणि त्याच मालाचा दुसरा नग मिळेलच असं नाही. खरेदीच्या वेळीच एक ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारी डबी) आणि पंखा जादा घेऊन ठेवा, कारण भिंगापेक्षा तेच आधी जातात. प्रोजेक्टरच गेला असेल तर जोडीने बदला. तोपर्यंत मूळ जोडी (प्रश्न ८) माळ्यावरून काढा. रिलेची जोडणी कपलरवर केलेली असेल तर ती सोडवून जुना कपलर थेट बल्बला लागतो. मात्र परत लावल्यावरही प्रश्न १३ चा फोकस तपासायचाच, कारण आता बाउल वेगळा आहे.